ते पुढे की मागे

शैला, तू जाता जाता स्पॅनिशमध्ये जे बोललीस, त्याबद्दल मला संशय आहे.

आता तू म्हणशील, झालं, सुरू झाले हे. मी जाऊन महिना नाही झाला आणि यांचा तपास चालू. पण मी तरी काय करू? सगळी नोकरी ठोकलेल्या गाड्या बघण्यात गेली. धडक पुढून बसली की मागून, मालक सांगतो ते खरं की फुटलेला दिवा सांगतो ते खरं, हे ठरवून विमा कंपनीला लिहून द्यायचं. माणूस रिटायर होतो, नजर होत नाही. भेटायला येणारे म्हणतात, शांतपणे गेल्या हो, पुण्यवान. मी मान हलवतो आणि मनात म्हणतो, तुम्ही कुठे होतात तिथे? मी होतो. माझी बायको माझ्याशी दोन शब्द बोलली आणि ते मला कळले नाहीत.

हे कुणाला सांगायचीही सोय नाही. मुलुंडला आपल्या सोसायटीत कुणाला सांगितलं की देवगडची बाई, रागावली की मालवणीवर येणारी, शेवटचं स्पॅनिशमध्ये बोलली, तर लोक माझ्याच डोक्यावर परिणाम झाला म्हणतील. म्हणून तुलाच सांगतो.

सुरुवात डायलिसिसच्या खुर्चीत झाली. एक दिवसाआड तुला तिथे न्यायचं. डाव्या हातात दोन सुया, शेजारी मशीन, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. बाकीचे पेशंट झोपायचे, नाहीतर टीव्हीकडे बघत पडायचे. तू उजव्या हातात मोबाइल धरून कानात ते पांढरं बोंडूक घालायचीस. मी बाहेरच्या बाकावर बसून काचेतून बघायचो. एक दिवस बघतो तर तुझे ओठ हलतायत. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेयस. आत येऊन ऐकलं तर देवाचं काहीच नव्हतं.

'स्पॅनिश शिकतेय,' तू म्हणालीस.

'कशाला?'

'सहज.'

'सहज' या शब्दावर माझा कधीच विश्वास बसला नाही. भर पावसात सहज गाडी काढली म्हणणाऱ्यांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आपलं तिकडे कोणी नाही. मुलगा पुण्यात, तुझा भाऊ दत्ता देवगडला. मग स्पॅनिश कुणाशी बोलायचं? मी सोडलं नाही तेव्हा तू म्हणालीस, 'घरात कुणाला कळणार नाही अशी एक भाषा पाहिजे होती.'

'घरात आहे कोण? मीच.'

'मग तुमका कळाक नको,' असं म्हणून तू डोळे मिटून घेतलेस.

शिकवणारं माणूस फोनवर असायचं. तू त्याला 'प्रोफे' म्हणायचीस. ओला प्रोफे, ग्रासियास प्रोफे. आवाज मला ऐकू यायचा नाही, तुझं हसणं तेवढं काचेतून दिसायचं. एकदा तर तू इतकी हसलीस की डावा हात हलला, मशीन कोकलायला लागलं आणि नर्स धावत आली. घरी येताना रिक्षात मी विचारलं, 'काय म्हणाला तो?'

'तो कोण?'

'तो तुझा प्रोफे.'

तू माझ्याकडे बघितलंस, पुन्हा हसलीस आणि पदराने डोळे पुसलेस. काय झालं ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. तेही मी लक्षात ठेवलं.

घरी मात्र तू मला शिकवायचीस, मी मागितलं नसताना. ओट्याशी उभं राहून भाजी उकळायची, पाणी फेकून द्यायचं, पुन्हा उकळायची, कारण डॉक्टरांनी तसं सांगितलेलं. हे चालू असताना एकीकडे धडा. देसीर म्हणजे सांगणं. देसीर्ते म्हणजे तुला सांगणं. देसीर्तेलो म्हणजे तुला ते सांगणं. सगळं मिळून एकच शब्द. 'क्रियापदाला मागून शेपूट लावतात बघा,' तू म्हणायचीस. 'कुणाला आणि काय, दोन्ही शेपटात.'

मला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. आपल्या मराठीत कसं, तुला ते सांगायचंय. तुला वेगळं, ते वेगळं, सांगायचं वेगळं. ज्याला जे बघायचं ते त्याने बघावं. तिकडे माणसालाच क्रियापदाच्या मागे नेऊन चिकटवतात, म्हणजे काहीतरी झाकायचं असणार. त्यावर तू सांगितलंस की पुढेही लावता येतं. किएरो म्हणजे मला पाहिजे. मग किएरो देसीर्तेलो म्हणा नाहीतर ते लो किएरो देसीर म्हणा, मला तुला ते सांगायचंय.

'दोन्ही चालतं?'

'दोन्ही चालतं.'

'अर्थात काहीच फरक नाही?'

'काही नाही.'

दोन साक्षीदारांनी दोन वेगळी बयानं दिली आणि दोन्ही खरी निघाली, असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही. मी तुला म्हटलं, लावायचंच तर पुढे लाव, निदान सरळ दिसतं. तू हट्टाला पेटलीस. 'मी नाय लावणार पुढे. पुढे लावलं की भटकतं. मागे चिकटवलं की सुटत नाही.' किती दिवस चालला तो वाद! जेवताना, औषधं घेताना, झोपताना दिवा बंद केल्यावरसुद्धा. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, नवरा-बायको जागेच्या वाटणीवरून भांडतायत. शैला, त्या आजारपणात आपण एवढं मन लावून दुसऱ्या कशावर भांडलो नाही, आणि त्याबद्दल मी त्या भाषेचे आभार मानतो.

मग तो दिवस. डायलिसिसहून येऊन तू गॅलरीत खुर्चीवर बसली होतीस. हाताला कापसाची पट्टी, तोंडात बर्फाचा खडा, कारण पाणी मोजून प्यायचं होतं. मी समोर पेपर वाचत होतो. तू खडा गालात सरकवलास, माझ्याकडे बघितलंस आणि सावकाश म्हणालीस, 'किएरो देहारलो.'

'म्हणजे?'

'काय नाय हो. शेपूट लावायचा सराव.'

सराव करणारं माणूस छताकडे बघतं, डोळ्यांत बघत नाही. मी तो आवाज तोंडात घोळवत आत गेलो, मोबाइलसमोर दोनदा म्हटला. त्यातल्या बाईने थंडपणे सांगितलं, 'मला त्याला सोडायचे आहे.'

त्याला. इतक्या वर्षांच्या संसारात तुझ्याजवळ 'तो' म्हणण्यासारखा माणूस मीच. मी दत्ताला फोन लावला, इकडचं तिकडचं बोललो आणि हळूच विचारलं. तो म्हणाला, 'होय, ताईचो फोन इल्लो. मागची खोली साफ करून ठेव म्हणाली.' म्हणजे तारीख ठरवायचीच काय ती बाकी होती. तुला मी काही बोललो नाही. विचारलं की साक्षीदार सावध होतो, हे मला माहीत आहे. फक्त बघत राहिलो. कपाटातल्या साड्यांचा ढीग कमी होतोय का, मोठी बॅग खाली उतरली का. नाही उतरली. एक दिवसाआड मी रिक्षा आणायचो आणि तू निमूट येऊन बसायचीस. तेही मला संशयास्पदच वाटायचं.

आणि ती दुपार. तो खुर्चीचा दिवस नव्हता. सकाळपासून तुला धाप होती, जेवण गेलं नाही. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करून दार उघडं ठेवलं आणि तुझ्या दिवाणाशी येऊन बसलो. तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, 'ते किएरो.'

आता माझी बाजू ऐक. किएरो म्हणजे पाहिजे, हे तूच शिकवलेलं. आणि 'ते' मला कुणी शिकवायला नको. म्हणजे ते पाहिजे. अर्धं मराठी, अर्धं स्पॅनिश. धाप लागल्यावर माणूस काय भाषा निवडत बसतं? मी म्हटलं, 'ते काय? चष्मा?' धावत जाऊन टीपॉयवरून चष्मा आणला. तू लावलास. मग जिन्यावर स्ट्रेचरचा आवाज आला. गाडीत तुझ्या तोंडावर मास्क होता, हॉस्पिटलातही. पुढे तू बोलली नाहीस.

त्यानंतर तुझा प्रोफे घरी आला. दार उघडलं तर हातात हेल्मेट घेतलेली एक तिशीची मुलगी, दारातच रडायला लागलेली. प्रज्ञा नाव. घाटकोपरहून स्कूटरवर आली होती. अंधेरीच्या एका ऑफिसात मेक्सिकोचे फोन घेते आणि फावल्या वेळात शिकवते. एवढे महिने ज्या प्रोफेवर मी नजर ठेवून होतो तो हा. मी चहा केला, दोनदा साखर घातली, तिने न बोलता प्यायला. मग मी विचारलंच.

'देहारलो. यातला लो कोण?'

ती दचकली. 'तुम्हाला कुठून कळलं?'

'ते राहू दे. लो कोण?'

'लो म्हणजे त्याला,' ती म्हणाली. 'किंवा ते. म्हणजे एखादी गोष्ट.' मग थोडं थांबून, 'किंवा तुम्हाला. समोरच्याला मान देऊन बोलायचं असेल तर तेच.'

बघ शैला, मी म्हणत नव्हतो? मराठीत ही लपवाछपवी चालत नाही. माणूस असेल तर त्याला सोडायचंय, वस्तू असेल तर ते सोडायचंय. 'ला' लागला की माणूस पकडला जातो. तुझ्या त्या भाषेत माणूस, वस्तू आणि अहोजाहो करायचा नवरा, तिघंही एकाच शेपटाखाली दडून बसतात.

'म्हणजे तुम्हाला सोडायचंय,' मी प्रज्ञाला म्हटलं. 'शैला मला अहो म्हणायची. माझ्यासमोर, माझ्याकडे बघून बोलली. लो म्हणजे मीच.'

ती रडतारडता हसली. 'नाही काका. काकूंनी तुम्हाला स्पॅनिशमध्ये कधी अहो म्हटलंच नाही.'

मग तिने ती हसण्याची गोष्ट सांगितली, मशीन कोकललं त्या दिवशीची. तू तिला विचारलं होतंस की नवऱ्याला तिकडे काय म्हणतात, तू की तुम्ही? ती म्हणाली, तिकडे बायका नवऱ्याला सरळ तू म्हणतात, अरे-तुरे. त्यावर तू हसत सुटलीस आणि म्हणालीस, मग येऊ दे ही भाषा आमच्या घरात. 'त्या दिवसापासून काकूंच्या प्रत्येक वाक्यात तुम्हीच, आणि तू म्हणूनच,' प्रज्ञा म्हणाली. 'बेर्ते, तुला बघणं. आयुदार्ते, तुला मदत करणं. मोलेस्तार्ते, तुला त्रास देणं. हे शेवटचं तर फार आवडायचं त्यांना. सगळीकडे ते, ते, ते, म्हणजे तुला. तुम्हाला सोडायचं असतं ना, तर देहार्ते म्हणाल्या असत्या. लो कशाला म्हणतील?'

मला एकदम बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छातीवरची फरशी उचलल्यासारखं वाटलं. ते मिनिटभरच टिकलं.

'मग लो कोण?'

प्रज्ञा हेल्मेटची पट्टी सोडत-लावत बसली. 'तुम्हाला माहितेय, काका.'

'डायलिसिस असेल तर लो चुकीचं आहे,' मी म्हटलं. 'तिकडे ते स्त्रीलिंगी आहे. ला पाहिजे. मी बघून ठेवलंय.'

'त्या एकाच गोष्टीबद्दल म्हटलं तर ला. हे सगळंच म्हणायचं असेल तर लो.'

हे सगळंच. सुया, बर्फाचा खडा, दोनदा उकळलेली भाजी, काचेपलीकडे बाकावर बसलेला मी. दत्ताला तू मागची खोली साफ करायला सांगितलीस, पण तिथून डायलिसिसला कुठे जावं लागेल, हे विचारलं नाहीस. दत्ताला फोन करून मी ते नक्की करून घेतलं. एवढी मोठी खूण समोर पडली होती आणि मी साड्यांचे ढीग बघत होतो.

तू मराठीत का नाही बोललीस, हे मला कळतं. मराठीत बोलली असतीस तर मी भांडलो असतो. मुलाला पुण्याहून बोलावलं असतं, डॉक्टरांना मध्ये घातलं असतं, तुझ्याशी अबोला धरला असता. म्हणून मला जिच्यात भांडता येत नाही अशी भाषा तू शोधलीस. तरी मला राग आहे, शैला. सांगायचं आणि सांगितलं नाही असं दाखवायचं, हा काय न्याय झाला? आणि रागाच्या खाली दुसरंही आहे. ते बोलून झाल्यावरही तू दर वेळी रिक्षात बसत राहिलीस. कुणासाठी? माझ्यासाठी, असा मला दाट संशय आहे. पुरावा माझ्याकडे काहीच नाही.

प्रज्ञा निघाली तेव्हा मी दारात तिला थांबवलं. 'आणि ते किएरो?'

तिने हेल्मेट खाली ठेवलं. 'कधी म्हणाल्या?'

मी सांगितलं. तिने विचारलं, 'त्याच्यापुढे काही म्हणाल्या? आठवून सांगा.'

'धाप लागली होती. तेवढंच बोलली.'

'एवढंच वाक्य असेल तर...' ती जरा लाजली. 'किएरोचा नुसता पाहिजे एवढाच अर्थ नाही, काका. ते किएरो म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे.'

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. पण सवय जाते कुठे? 'आणि वाक्य अर्धवट राहिलं असेल तर?'

'तर पुढे दुसरं क्रियापद यायचं असेल. ते किएरो बेर, तुला बघायचंय. ते किएरो देसीर, तुला सांगायचंय.'

'ते किएरो देहार?'

'काका, तुम्ही पण ना!'

'येऊ शकतं की नाही?'

तिला खोटं बोलता येत नाही. 'व्याकरणाने येऊ शकतं,' ती म्हणाली.

झालं. मग माझी झोप गेली. तुला सोडायचंय, असंही असेल. जाणारं माणूस समोरच्याला असं सांगू शकतं. त्यात राग नसेलही, नुसता निरोप असेल. पण मला तो नको होता. तू काय बोलणार होतीस आणि श्वास कुठे तुटला, हे मी सारखं जुळवत बसायचो. लोक समाचाराला यायचे, मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, ते किएरो, आणि पुढे काय?

परवा ओट्याशी उभा होतो. दुधी उकळला, पाणी फेकलं, पुन्हा उकळत ठेवला. आता गरज नाही, पण हात ऐकत नाहीत. आणि तिथेच मला तुझा आवाज आठवला. मी नाय लावणार पुढे. गॅस बंद करून मी प्रज्ञाला फोन लावला. ती ऑफिसात होती, कुजबुजत बोलली.

'शैला ते कधी पुढे लावायची का गं? खरं सांग.'

'कधीच नाही, काका. मी मुद्दाम सराव द्यायचे पुढे लावायचा. त्या हट्टाने मागेच लावायच्या. बेर्ते, देसीर्ते. एकदाही पुढे नाही.'

'आणि मागे चिकटवायला दुसरं क्रियापदच नसेल तर?'

'मग पुढेच. तिथे दुसरी जागाच नाही त्याला.'

मी तिला थँक्यू म्हटलं आणि खुर्ची ओढून बसलो. सरळ आहे. तुला मला बघायचं असतं तर तू किएरो बेर्ते म्हणाली असतीस. सोडायचं असतं तर किएरो देहार्ते. श्वास तुटला असता तर किएरोपाशी तुटला असता, कारण 'ते' तुझ्या तोंडून नेहमी शेवटी यायचं. ते पुढे आलं, म्हणजे मागून काहीच यायचं नव्हतं. तुझं वाक्य पूर्ण झालं होतं. आपल्या वादात मी जिंकलो असतो तर हे मला कधीच कळलं नसतं. तू हट्टी होतीस म्हणून कळलं. पोट भरून रडलो, तिथेच ओट्याशी.

आता एकच राहिलं. तू लग्नानंतर माझं नाव कधी घेतलं नाहीस. मी समोर असलो की अहो. बाहेर असलो की शेजाऱ्यांना सांगायचीस, ते घरी नाहीत. मी शेजारच्या खोलीत असलो की हे. हे झोपलेत, हे रागावलेत, जरा थांबा, यांना विचारते. त्या दुपारी मी चष्मा तुझ्यापुढे धरून विचारलं होतं, 'हा? हाच पाहिजे ना?' तू चष्मा लावलास, माझ्याकडे नीट बघितलंस आणि मराठीत एकच शब्द बोललीस. तो मी आजवर हिशोबात धरला नव्हता, कारण मला वाटलं, तू चष्म्याबद्दलच बोलतेयस.

'हेच,' तू म्हणालीस.

शैला, चष्म्याला 'हा' म्हणतात. 'हे' तू मला म्हणायचीस.